प्लेट दूर सरकतात तेव्हा मधात फट राहते का? भूगोलाच्या या चुका टाळा

दहावीच्या पोट्ट्यांच्या वह्या तपासते मी, आणि दरवर्षी तीच आकृती दिसते, दोन प्लेट (पृथ्वीच्या वरच्या घट्ट कवचाचे प्रचंड तुकडे), दोन्हीकडं बाण अन् मधात मोठ्ठी रिकामी फट. सगळ्यात मोठी चूक हीच. फट उघडी राहतच नाही, प्लेट जितक्या सरकल्या तितका नवा खडक खालून येऊन जागा भरतो. अटलांटिकच्या मधल्या पर्वतरांगेत हा वेग वर्षाला साधारण २.५ सेंमी आहे, पूर्व पॅसिफिकमधे काही ठिकाणी १५ सेंमीपर्यंत जातो.

दुसरी चूक, "खाली लाव्ह्याचा समुद्र आहे" असं लिहिणं. मँटल, म्हणजे कवचाखालचा जाड थर, घन आहे, फक्त लाखो वर्षांत हळूहळू वाहतो. "ताई, मग खडक वितळतो काहून?" असं एका पोट्टीनं विचारलं तेव्हा मी कुकरचं उदाहरण दिलं. कुकरमधलं पाणी १०० अंशांच्या वर असतं तरी दाबामुळं थांबलेलं असतं, शिट्टी उचलली की लगेच खळखळ उकळतं. खडकाचं तसंच, वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि जास्तीची उष्णता न मिळताच त्यातला थोडा भाग वितळतो.

आता मॉडेल. दोन बेंच जवळ लावा, मधे बोटभर जागा ठेवा, दोन कागद (याच आपल्या दोन प्लेट) एकत्र धरून खालून वर काढा आणि एकेक टोक दोन्ही बेंचवर ओढत न्या. थोडं ओढलं की फटीजवळ दोन्ही कागदांवर एकाच रंगाची पट्टी रंगवा, मग परत ओढा. इथं पोट्टे हमखास फसतात, कागद खालून ढकलतात अन् तो दुमडून गोळा होतो. ढकलू नका, ओढा! खऱ्या प्लेटींचंही बरंचसं तेच आहे, मॅग्मा त्यांना ढकलून दूर करत नाही, पॅसिफिकसारख्या काही मोठ्या प्लेटींची जुनी, थंड, जड कड दुसरीकडं खोल बुडते आणि बाकीच्या प्लेटला ओढते. अन् पट्ट्या आधीच रंगवून आणू नका, त्या फटीपाशीच रंगवल्या तर दोन्ही बाजूंना सारख्या का येतात हे डोळ्यासमोर दिसतं. समुद्रतळावर अशाच चुंबकीय पट्ट्या आहेत, खडक थिजताना पृथ्वीच्या चुंबकत्वाची त्या वेळची दिशा त्यात नोंदली जाते अन् ती दिशा अधूनमधून उलटते म्हणून. त्यांच्यावरून १९६३ मधे व्हाइन आणि मॅथ्यूज या शास्त्रज्ञांनी तळ पसरतो या कल्पनेला आधार दिला.

हे फक्त समुद्रात होतं असंही नाही, इथिओपियाच्या अफार भागात सप्टेंबर २००५ मधे सुमारे ६० किमी लांबीत जमीन फाटून काही ठिकाणी ८ मीटरपर्यंत दूर सरकली.

आणि आपली घरची चूक. सीताबर्डीची टेकडी काळ्या बसाल्टची, म्हणून नागपूर प्लेटच्या काठावर होतं असं लिहू नका. तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, डेक्कन ट्रॅपचा, प्लेटच्या आतल्या भेगांतून आलेला. भारतीय प्लेटची दूर सरकणारी कड हवी असेल तर अरबी समुद्राच्या दक्षिणेला कार्ल्सबर्ग रिज ही समुद्रातली पर्वतरांग आहे, नकाशात बाण तिथं काढा, बर्डीवर नाही.