अमेरिकेत नॅशनल फॉरेस्टला लागून आसऱ्याची जागा घेताना काय तपासावं

संकटकाळात जाऊन राहता यावं म्हणून आधीच जागा घेऊन ठेवणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: नॅशनल फॉरेस्टला खेटून पाच-दहा एकर घ्या, एका बाजूला कधीच शेजारी येणार नाही, वर लाकूड आणि शिकार फुकट. सल्ला अर्धवट आहे. सुमारे १९.३ कोटी एकरांची ही जंगलं सार्वजनिक आहेत. शहर सोडायची वेळ आली की ज्याला दुसरीकडे कुठे जायला जागा नाही, तो तिथेच तंबू ठोकणार, आणि जंगलाच्या वाटेवरचं भरलेलं घर तुमचं असणार. जंगलापासून काही मैल अलीकडे, मध्ये ओलिताची शेती किंवा चराऊ कुरणं असलेली जागा केव्हाही बरी.

तरीही जंगलालगतच हवी असेल तर पुढच्या क्रमाने तपासा. भाव आणि माती नंतर बघा.

हद्द. परवानाधारक सर्व्हेअरकडून मोजून घ्या. जुनं कुंपण म्हणजे हद्द नव्हे. कुंपणाच्या आतली शेड सरकारी जमिनीत निघाली, तर ते तुमचं अतिक्रमण ठरतं.

रस्ता. बहुतेक व्यवहार इथे फसतात. विक्रेता गाडीने थेट फाटकापर्यंत नेतो आणि घेणाऱ्याचं समाधान होतं. गाडी पोचली एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. जाण्याचा हक्क आहे का, हा एक प्रश्न. रस्ता वर्षातले किती महिने चालतो, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या कार्यालयांत मिळतात.

आधी हक्काचं बघू. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, सार्वजनिक रस्त्यापासून फाटकापर्यंत वाट कुणाकुणाच्या जमिनीतून जाते, ते नकाशावर उतरवा. पश्चिमेकडच्या राज्यांत १९व्या शतकात रेल्वे कंपन्यांना एकाआड एक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, तुकडे दिले गेले. त्यामुळे तिथे तीन मैलांच्या वाटेत लाकूड कंपनी, सरकार आणि एखादा खाजगी मालक असे तिघंही भेटू शकतात. खाजगी मालकांपैकी प्रत्येकाकडून लेखी, काउंटीच्या दप्तरी नोंदवलेला आणि जमीन विकली तरी पुढच्या मालकाकडे जाणारा इझमेंट, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा हक्क, हवा. "इथून सगळेच जातात" या वाक्याला किंमत देऊ नका. खाजगी जमिनीवर जुन्या वहिवाटीचा दावा कोर्टात कधी टिकतोही. संघराज्य सरकारच्या जमिनीवर वहिवाटीने हक्क मिळतच नाही, मग वापर पन्नास वर्षांचा का असेना.

मग एजंट १९८० चा कायदा पुढे करतात. नॅशनल फॉरेस्टच्या हद्दीत अडकलेल्या खाजगी जमिनीला वाजवी प्रवेश द्यावा, असं तो म्हणतो खरा. पण वाजवी म्हणजे किती, ते ठरवते फॉरेस्ट सर्व्हिस, म्हणजे ही जंगलं सांभाळणारं सरकारी खातं. परवानगीच्या अटी असतात, रस्त्याची देखभालही तुमच्या गळ्यात पडू शकते, आणि हिवाळ्यात बर्फ काढून मिळेल असं त्यात कुठेही नाही. टायटल इन्शुरन्स, म्हणजे मालकी हक्काचा विमा, घेताना पॉलिसीतली अपवादांची यादी शेवटपर्यंत वाचा. रस्त्याचा हक्क त्या यादीत असेल तर कंपनीने नेमक्या त्याच जोखमीतून अंग काढून घेतलंय.

आता प्रत्यक्ष रस्ता. फॉरेस्ट सर्व्हिस आपल्या रस्त्यांना देखभालीनुसार १ ते ५ पातळ्या देते. १ म्हणजे वाहनांना बंद. २ म्हणजे उंच बांधणीची गाडी असेल तरच. साधी कार ३ पासून पुढे. रेंजर डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसच्या स्थानिक विभागाच्या, कार्यालयातून आपल्या रस्त्याचा नंबर आणि पातळी घ्या. मोटार वाहनांचा नकाशा तिथे फुकट मिळतो. त्यात रस्ता कोणत्या तारखांना खुला असतो ते बघा. वाटेत पूल असेल तर त्याची भारक्षमता विचारा, कारण भरलेला अग्निशमन बंब त्यावरून गेला पाहिजे.

बाहेर पडायला एकच रस्ता असेल तर जागा सोडून द्या, ती कितीही स्वस्त असो. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइजमध्ये बाहेर पडायचे मोजके रस्ते गाड्यांनी तुंबले. त्या वणव्यात ८५ माणसं गेली.

वणवा. घराभोवती १०० फूट मोकळीक ठेवा, असं सगळे सांगतात. हद्दीपलीकडचं सरकारी झाड तुम्हाला तोडता येत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. त्यामुळे ते १०० फूट स्वतःच्याच जमिनीत बसले पाहिजेत. १६५ फूट रुंद आणि १,३२० फूट लांब पट्टी बरोबर पाच एकर भरते. तिच्या दोन्ही लांब बाजूंना जंगल असेल, तर दोन्हीकडून १०० फूट सोडून घर बसेल अशी जागाच तिच्यात नाही. म्हणून एकरांआधी आकार बघा. चढावर ठोकताळा असा की उतार १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो; जंगल खाली आणि घर माथ्यावर, ही मांडणी सगळ्यात वाईट. ठिणग्या वाऱ्यावर मैलभरही उडतात, तेव्हा छत आणि घरालगतचे पहिले पाच फूट पूर्णपणे न जळणारे ठेवा. घर विझवणं हे फॉरेस्ट सर्व्हिसचं काम नाही. जागा स्थानिक अग्निशमन क्षेत्रात येते का ते विचारा, आणि इसार देण्याआधी विम्याचा दर लेखी घ्या.

वरचं जंगल जळलं आणि तुमचं घर वाचलं, तरी धोका संपत नाही. जळलेली माती पाणी मुरू देत नाही. जानेवारी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेसिटो गावावर चिखल आणि दगडांचा लोंढा आला, तो आदल्याच महिन्यात जळलेल्या डोंगरातून. ओढ्याच्या तोंडाशी घर बांधू नका.

पाणी. झरा हद्दीपलीकडे असेल तर राज्याचा पाणीहक्क आणि फॉरेस्ट सर्व्हिसचं परमिट, दोन्ही लागतात. आधीच्या मालकाचं परमिट विक्रीबरोबर संपतं; तुम्हाला नव्याने अर्ज करावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत ते पाणी हिशोबात धरू नका.

लाकूड आणि शिकार. सरपणालाही परमिट लागतं. वणव्याच्या भीतीने जंगलं बंद होतात तेव्हा तेही मिळत नाही; २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातली जवळजवळ सगळी नॅशनल फॉरेस्ट एकदमच बंद केली होती. हरणांवर तर अजिबात विसंबू नका. १९०० च्या सुमारास अनेक राज्यांतून ती बेसुमार शिकारीने जवळजवळ संपली होती, आणि तेव्हा देशाची लोकसंख्या आजच्या चौथाईच्याही आत होती.

गुरं. पश्चिमेतल्या बऱ्याच भागांत जंगलात चरणारी गुरं तुमच्या भाजीत शिरली तर दोष तुमचा, कारण कुंपण घालणं तुमच्याकडे. तो खर्च किमतीत धरा.

कागद जुळले की शेवटची फेरी शिकारीचा हंगाम उघडतो त्या शनिवार-रविवारी मारा. रस्त्याकडेला उभ्या गाड्या मोजा, तंबू कुठे पडलेत ते नकाशावर टिपा, आणि त्यांतल्या कुठून तुमचं घर, धूर किंवा रात्रीचा दिवा दिसेल ते चालत जाऊन बघा.