शेतावर राहून काम करायला जाताय? या चुका टाळा

शेतावर थोडं काम करायचं आणि बदल्यात फुकट राहायचं-जेवायचं, गेली सहा वर्षं मी या भानगडीत आहे. आधी स्वतः चार ठिकाणी जाऊन राहिलो, काम केलं, आणि आता कोकणात दोडामार्ग तालुक्यात मित्राची तीन एकर जागा आहे, काजू, सुपारी, थोडं भात, लाईटची तार तिथपर्यंत आलेली नाही आणि त्याला ती आणायचीही नाहीये, तिथे यायचं म्हणून फोन करणाऱ्या मुलामुलींशी मीच बोलतो. त्यामुळे जाणाऱ्याचं कुठे चुकतं आणि ठेवून घेणाऱ्याचं कुठे, दोन्ही बघितलंय. बहुतेक भांडणं आळशीपणामुळे होत नाहीत, फोनवर जे पाच मिनिटांत विचारता आलं असतं ते न विचारल्यामुळे होतात.

"जाऊन बघू काय ते"

सगळ्यात मोठी चूक हीच. राहणं-जेवण फुकट, बदल्यात थोडी मदत, एवढंच वाचून लोक बॅग भरतात. ही कल्पना आपल्याकडे वूफ, वर्कअवे अशा वेबसाईटमुळे माहीत झाली, पण वूफची सुरुवात १९७१ साली इंग्लंडमध्ये झाली ती फक्त शनिवार-रविवारच्या कामासाठी, लंडनमध्ये सेक्रेटरी असलेल्या स्यू कोपार्ड यांनी सुरू केलं होतं ते. दोन दिवसांत "थोडी मदत" म्हणजे किती हा प्रश्न येतच नाही. महिनाभर राहायचं म्हटलं की येतो, आणि रोज येतो.

मी दुसऱ्यांदा जिथे गेलो होतो तिथे मला सांगितलं होतं सकाळी तीन-चार तास. प्रत्यक्षात सकाळी सातला सुरू व्हायचं ते संध्याकाळी सहापर्यंत, आणि त्यातलं निम्मं काम शेतीचं नव्हतंच, त्यांचा होमस्टे होता, पाहुण्यांच्या चादरी धुणं, भांडी, चहा नेऊन देणं. मी अकरा दिवस गप्प बसलो कारण मला वाटलं आपण फुकट राहतोय तर बोलायचं कसं. बोलायला पाहिजे होतं, पहिल्याच आठवड्यात.

माझं मत स्पष्ट आहे, दिवसाला चार ते पाच तास, आठवड्याला एक-दोन दिवस सुट्टी, त्याबदल्यात राहायला जागा आणि जेवण, हा हिशोब ठीक आहे. त्याच्यावर काम असेल तर ती मजुरी झाली आणि मजुरीचे पैसे द्यायचे असतात. आणखी एक विचारा, जे लोक सहसा विचारत नाहीत: हे काम आधी कोण करायचं? गावातले गडी आणि बायका रोजावर काजू वेचायला, बेणणीला (खुरपणीला) येत होते आणि आता फुकटची शहरातली मुलं मिळतात म्हणून त्यांना बंद केलं असेल, तर अशा ठिकाणी मी तरी जाणार नाही. आपल्या अनुभवासाठी कुणाचा रोज बुडायला नको.

बाकी फोनवर विचारायचं ते असं, झोपायला खोली की मांगरात (शेतावरच्या खोपीत) सगळ्यांबरोबर, दाराला आतून कडी आहे का, जेवण कोण करतं आणि सामान कुणाच्या पैशाचं (काही ठिकाणी जेवणाचे रोजचे पैसे घेतात, घेऊ देत, पण आधी सांगावं), मोबाईलला रेंज कुठे येते, एसटी कुठपर्यंत येते आणि परतीची शेवटची किती वाजता. मुलींनी आणखी विचारावं की तिथे दुसरी बाई राहते का, आणि आधी राहून गेलेल्या एखाद्या मुलीशी बोलायचंय असं सरळ सांगावं. जो माणूस या प्रश्नांवर चिडतो त्याच्याकडे जायचं नाही. चांगल्या माणसाला असे प्रश्न आवडतात, त्याचाही त्रास वाचतो.

लाईट आहे म्हणजे वाटेल तेवढी आहे असं नाही

भिंतीवर सॉकेट दिसला की हात चार्जरकडे जातोच. पण मागे काय आहे ते समजून घ्या. आमच्याकडे सोलर पॅनेलवर चार्ज होणारी १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी आहे. गुणाकार केला तर १८०० वॉट-अवर, पण लेड-अॅसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य भराभर घटतं, म्हणजे वापरायला साधारण ९००. आता १००० वॉटची इस्त्री अर्धा तास चालवली की त्यातले ५०० संपले. पाण्यात टाकायचा हीटरचा रॉड १५०० वॉटचा, तो छोट्या इन्व्हर्टरला झेपतच नाही. एका मुलाने इलेक्ट्रिक किटली आणली होती, रात्री नऊला लावली, इन्व्हर्टर बंद पडला, त्याने परत चालू केला, परत पडला, असं चार-पाच वेळा, आणि शेवटी इन्व्हर्टर दुरुस्तीला सावंतवाडीला न्यावा लागला. तोपर्यंत पाच दिवस कंदील.

तर इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागला की पहिलं सगळं जोडलेलं काढा, मग मालकाला सांगा, आणि पुन्हापुन्हा बटण दाबू नका. फोन, लॅपटॉप, पॉवर बँक सकाळी दहा ते दुपारी तीनमध्ये चार्ज करा, तेव्हा पॅनेलमधून थेट वीज येत असते, बॅटरीवर भार पडत नाही. चार तास लॅपटॉपवर काम करायचं असेल तर ते साधारण २००-२५० वॉट-अवर होतात, म्हणजे रात्रीच्या सगळ्या घराच्या दिव्यांएवढे, तेव्हा "मी तिथून वर्क फ्रॉम होम करीन" हा प्लॅन आधी विचारल्याशिवाय करू नका. जुलैमध्ये तर नकोच, कोकणात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. आणि बॅटरीत पाणी कमी दिसलं म्हणून मदत करायच्या हेतूने झऱ्याचं किंवा विहिरीचं पाणी घालू नका, तिला डिस्टिल्ड वॉटरच लागतं.

पाणी आणि संडास

आमचं पाणी वरच्या झऱ्यावरून पाईपने आपोआप उतरतं, पंप नाही. ते छान वाटतं पण एप्रिल-मे मध्ये करंगळीएवढी धार राहते. आंघोळ एका बादलीत, म्हणजे पंधरा-वीस लिटरमध्ये करायची. सांडपाणी केळीला आणि अळूला जातं, म्हणून तुमचा शाम्पू, डिटर्जंट हे सगळं त्या मातीत जाणार आहे हे लक्षात ठेवा, शिकेकाई, रिठा किंवा साधा साबण पुरतो.

पाणी अचानक बंद झालं तर बहुतेक वेळा दोनच कारणं असतात, वरच्या तोंडाला पानं अडकलेली असतात किंवा पाईपमध्ये हवा धरलेली असते. पानं काढून बघायची, तरी येत नसेल तर खालचं तोंड उघडून हवा जाऊ द्यायची. पण हे मालकाबरोबर आणि दिवसा. संध्याकाळनंतर एकट्याने झऱ्याकडे जायचं नाही, तिथे पाण्यावर फक्त आपणच जात नाही.

सुक्या संडासाबद्दल लोक लाजतात, विचारत नाहीत, आणि मग चुकतात. लघवी वेगळीकडे, धुण्याची जागा वेगळी, खड्ड्यात पाणी जाऊ द्यायचं नाही आणि प्रत्येक वेळी वरून डबाभर लाकडाचा भुसा किंवा राख टाकायची. वास येतोय याचा अर्थ एकच, आत ओल जास्त झालीये, भुसा वाढवा. पॅड, वाइप्स त्यात टाकायचे नाहीत, तो खड्डा वर्षभर बंद ठेवून त्याचं खत झाडांना जातं, प्लॅस्टिक तसंच राहतं आणि ते हाताने कुणीतरी वेचतं. मुलींनी कापडी पॅड किंवा कप आणला तर सोपं जातं, नाहीतर वापरलेले घरी परत न्यायला घट्ट पिशवी ठेवा.

पहिल्या दिवशीचा जोश

शहरातून आलेला प्रत्येकजण पहिल्या सकाळी कुदळ मागतो. तासाभरात हाताला फोड, दुसऱ्या दिवशी कंबर, तिसऱ्या दिवशी खोलीत झोपून. पहिले तीन दिवस हलकं काम घ्या, झाडांची आळी साफ करणं, पालापाचोळ्याचं आच्छादन घालणं, जीवामृत हे पातळ खत ढवळणं (२०० लिटर पाण्याला १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, आणि बांधावरची मूठभर माती, सावलीत ठेवून दिवसातून दोनदा हलवायचं, आमच्याकडे नवीन माणसाला पहिलं हेच देतो). दुसऱ्याचा कोयता न विचारता उचलू नका, प्रत्येकाचा कोयता त्याच्या हाताला बसलेला असतो आणि तो बोथट झाला की माणूस मनातून दुखावतो.

काजूचं बी सोलायला बसाल तर टरफलातल्या चिकाने कातडी जळते, आठवडाभर सालं निघतात. हातमोजे किंवा निदान हाताला भरपूर खोबरेल.

ज्यात जीव जाऊ शकतो

इथे मी जरा कडक बोलणार आहे.

साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार, आणि आपल्याकडे मिळणारं अँटिव्हेनम (सापाच्या विषावरचं औषध) या चारांवर चालतं. फुरसं चिऱ्याच्या दगडांखाली, गडग्यात (दगड रचून केलेल्या कुंपणात) असतं, ते इतकं लहान आणि मातीच्या रंगाचं की दिसतच नाही. गडगा रचताना दगडाच्या फटीत बोटं घालायची नाहीत, पहारीने दगड असा उचलायचा की फट तुमच्या विरुद्ध बाजूला उघडेल. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि कित्येकदा दुखतही नाही, म्हणून खाट आणि मच्छरदाणी, तिच्या कडा गादीखाली खोचून. चावलं तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, हात-पाय हलवू न देता दवाखाना. १०८ ला फोन लावायचा पण रेंजच नसेल तर? म्हणून पोचल्या दिवशीच विचारून ठेवा की अँटिव्हेनम कुठल्या सरकारी दवाखान्यात असतं आणि रात्री गाडी कुणाची मिळते. विंचवाच्या बाबतीतही हेच, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाने लाल विंचवाच्या दंशाचे मृत्यू किती कमी करता येतात ते दाखवून दिलंय, पण त्यासाठी माणूस वेळेत दवाखान्यात पोचावा लागतो, मांत्रिकाकडे नाही.

दुसरं माकडताप. गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि आमच्या दोडामार्ग-बांदा पट्ट्यात २०१५-१६ पासून हा आजार दिसतोय, गोचिडीतून पसरतो, आणि त्याचा काळ नेमका जानेवारी ते मे, म्हणजे काजूचाच सीझन. पाचोळ्यात बसून काजू वेचताना पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात मोजे, पँट मोज्यात खोचलेली, आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात आणि आंघोळ. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, कळवा. घरी परतल्यावर आठ-पंधरा दिवसांत जोराचा ताप, डोकेदुखी आली तर डॉक्टरला आपण कुठे होतो ते आपणहून सांगा, पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला हे सुचणं कठीण. पावसात लावणीला उतरणार असाल तर लेप्टोचं (उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचं) असंच, पायाला जखम असेल तर त्या दिवशी चिखलात नाही.

परदेशात जात असाल तर

थोडक्यात सांगतो. पैसे मिळत नाहीत म्हणजे ते काम नाही, हा गैरसमज आहे. न्यूझीलंडमध्ये राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेलं कामही कामच धरतात, टुरिस्ट व्हिसावर चालत नाही. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून स्वयंसेवा करता येते ती जास्तीत जास्त ३० दिवस आणि तीही नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठीच, कुणाच्या खासगी शेतावर नाही. एअरपोर्टवर "शेतावर मदत करायला चाललोय" म्हणून परत पाठवलं जाऊ नये असं वाटत असेल तर व्हिसाचे नियम तिकीट काढायच्या आधी वाचा.

निघताना

जमत नसेल तर निघून यायला काहीच हरकत नाही, परतीच्या भाड्याचे पैसे कायम वेगळे ठेवा, त्याच्यावर मालकाची मेहेरबानी नको. पण न सांगता पहाटेच्या एसटीने जाऊ नका. मागच्या मे महिन्यात एक मुलगा असाच गेला, त्याच्याकडे वरच्या टप्प्यातली नवीन लावलेली चाळीस सुपारीची रोपं होती, दिवसाआड पाणी घालायची. आम्हाला वाटलं तो घालून गेला असेल. पाचव्या दिवशी वर गेलो तोपर्यंत सतरा वाळली होती. दोन दिवस आधी सांगा, काही मोडलं असेल तर तेही सांगा, आणि पुढच्या माणसाला बरोबर घेऊन तुमच्या वाटणीच्या झाडांपाशी एकदा फिरून या, कुठलं किती पाणी पितं ते त्याला तिथेच उभं राहून दाखवा.