पोर्शे पाच महिने गॅरेजमध्ये: बॅटरीच्या बाबतीत या चुका टाळा

जर्मनीत हंगामी नंबरप्लेटच्या उजव्या कडेला वर ०४ आणि खाली १० असे आकडे (एप्रिल ते ऑक्टोबर) असतील, तर ती गाडी नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर काढता येत नाही. सार्वजनिक रस्त्याच्या कडेला उभी करून ठेवायलाही मनाई आहे. मग ९११ असो की बॉक्स्टर, पाच महिने गॅरेजमध्ये. एप्रिलमध्ये किल्ली फिरवली आणि नुसतं टक-टक झालं, की सगळे थंडीला शिव्या घालतात. पण थंडीने बॅटरी उतरत नाही, उलट गारठ्यात तिचा आपोआप होणारा ऱ्हास मंदावतो. बॅटरी खाते ती गाडीच.

हिशेब सोपा आहे. कुलूप लावलेल्या गाडीतही अलार्म, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) आणि रिमोटचा रिसीव्हर जागे असतात. सगळे मिळून ३० मिलिअँपिअर खेचतात असं धरलं, तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास जातात. साठ दिवसांत ४३. बॅटरी ७० अँपिअर-तासांची असेल, तर नाताळ संपेपर्यंत ती निम्म्याहून जास्त रिकामी झालेली असते. वरून ट्रॅकर बसवलेला असेल, तर त्याआधीच.

अर्धी भरलेली बॅटरी ठेवून देणे

शेवटची फेरी पेट्रोल पंपापर्यंतची, वीस मिनिटांची. तेवढ्यात अल्टरनेटर बॅटरी भरत नाही. गाडी ठेवण्याआधी ५ अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर लावा, मग चार्जर काढून काही तास थांबा आणि मल्टिमीटर लावा. चार्जर काढल्या काढल्या दिसणारे १३ व्होल्ट फसवे असतात. विसावलेली साधी बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, एजीएम (जिच्यात ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं ती) १२.८ च्या आसपास. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. १२.४ च्या खाली बॅटरी आठवडेच्या आठवडे राहिली, की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे बसतात आणि ती क्षमता बहुतेक वेळा परत येत नाही. भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं उणे ७ ते १० लाच गोठतं.

दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू करणे

ही सवय सगळ्यांत प्रिय आणि सगळ्यांत निरुपयोगी. थंड इंजिन फिरवायला स्टार्टर भरपूर करंट ओढतो, आणि आयडलवर, हीटर-दिवे चालू असताना, बॅटरीच्या वाट्याला फारसं काही येत नाही. शिवाय तेल तापत नाही, त्यामुळे वाफेचं पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये साचतं. एक तर नीट अर्धा-पाऊण तास चालवा (हंगामी प्लेटवर तेही शक्य नाही), नाहीतर हातच लावू नका.

चार्जर हाताला लागेल तिथे जोडणे

बॅटरी पूर्ण भरली की आपोआप १३.६ व्होल्टच्या आसपास उतरून थांबणारा मेंटेनर हवा. जुना, नुसता करंट ढकलत राहणारा चार्जर पाच महिन्यांत बॅटरी शिजवतो. एजीएमला १४.७ व्होल्टचा मोड लावा. लाल क्लॅम्प धन टर्मिनलवर, काळा मात्र बॉडीच्या अर्थिंग बोल्टवर. नव्या गाड्यांत ऋण टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. काळा क्लॅम्प थेट टर्मिनलवर लावला, तर आत आलेला करंट त्याच्या हिशेबात येत नाही. सिगारेट सॉकेटमधून चार्ज करणार असाल, तर इग्निशन बंद केल्यावरही ते सॉकेट जिवंत आहे ना, ते आधी बघा. कित्येक गाड्यांत नसतं.

लिथियम बॅटरीचं प्रकरण वेगळं. पोर्शेने २०१० मध्ये ९११ च्या जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्स्टर स्पायडरसाठी सहा किलोंहून हलकी लिथियम स्टार्टर बॅटरी दिली, तेव्हा थंडीत वापरायला साधी बॅटरीही सोबत दिली होती. लिथियम बॅटरीला लिथियमचाच चार्जर लागतो. सल्फेट काढणारा मोड कधीच लावू नका आणि शून्याच्या खाली चार्जिंग टाळा.

बॅटरी सोडवून पुढचं झाकण बंद करणे

गॅरेजमध्ये वीज नसेल, तर भरलेल्या बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवणं हा चांगला उपाय आहे. पण ९९७ (९११ ची एक पिढी) आणि ९८७ (बॉक्स्टरची एक पिढी) मध्ये पुढच्या डिकीचं लॅच विजेवर चालतं आणि बॅटरी त्याच डिकीत असते. झाकण धाडकन लागलं, की बॅटरी आत आणि तुम्ही बाहेर. लॅचवर फडकं टाकून झाकण नुसतं टेकवून ठेवा. दाराच्या काचांनाही चौकट नसते. दार उघडताना काच थोडी खाली सरकते, ती वीज नसताना सरकत नाही. दार जोरात ओढलं, तर सील फाटतं.

झाकण लागलंच, तर चालकाच्या पायाशी, बाजूच्या पॅनलमधल्या फ्यूज बॉक्सचं झाकण काढा. त्यातलं लाल धन टर्मिनल बाहेर ओढता येतं. दुसऱ्या १२ व्होल्ट बॅटरीची लाल तार त्याला, काळी तार दाराच्या लॅचच्या लोखंडी कडीला. गाडी कुलूपबंद असेल, तर अलार्म केकाटेल, घाबरू नका. रिमोटवरचं डिकीचं बटण दोनेक सेकंद दाबून धरा, झाकण सुटेल. या वाटेने इंजिन मात्र सुरू करायचं नाही, त्या तारा तेवढ्या जाड नसतात.

तरीही उतरली तर

बाजू फुगलेल्या किंवा गोठलेल्या बॅटरीला चार्जर लावू नका, ती फुटू शकते. आधी उबदार जागी पूर्ण वितळू द्या. कवचाला तडा असेल, तर थेट भंगारात. नवी बॅटरीही महिन्याभरात बसली, तर गळती शोधा. मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ऋण तारेत जोडा, कुलूप लावा, किल्ली घरात ठेवा आणि तासभर थांबा, कारण दार उघडल्यावर कंट्रोल युनिट जागी होऊन बराच वेळ करंट ओढत राहतात. तासाने ५० मिलिअँपिअरच्या वर आकडा दिसला, तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजने आकडा पडेल, त्या सर्किटवर चोर.

पुण्या-मुंबईत जून ते सप्टेंबर झाकून ठेवलेल्या गाडीचाही हिशेब हाच, फक्त तिथे उकाड्यामुळे बॅटरीचा स्वतःचा ऱ्हास जास्त आणि क्लॅम्पवर हिरवट गंज लवकर. झाकण्याआधी टर्मिनल घासून वर व्हॅसलीन लावा.