कडबा कमी पडला तर हिवाळ्यात जनावरांची वैरण कशी भागवावी

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, कागवाड, अथणी या पट्ट्यात ऊस वाढत गेला तशी ज्वारी मागे सरली आणि परड्यातलं कडब्याचं, म्हणजे ज्वारीच्या वाळलेल्या ताटांचं, बुचाड (गंजी) बारीक होत गेलं. विकत घ्यायचा म्हटलं तर शेकडा पेंढीचा भाव ऐकूनच माणूस परत फिरतो. पण दिवाळीच्या आगेमागे कारखाने सुरू झाले की पुढचे तीन-चार महिने ज्या रानात तोड चालू आहे तिथं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळतं. आपल्याकडचा हिवाळा वैरणीच्या बाबतीत सुगीचाच असतो. खरी ओढ लागते ती होळीनंतर. म्हणून वाडं असताना ते नीट खाऊ घालायचं आणि त्यातलंच उन्हाळ्यासाठी राखायचं, ही दोन्ही कामं एकाच वेळी करावी लागतात.

आधी हिशेब मांडा. 400 किलो वजनाच्या जनावराला दिवसाला साधारण 10 किलो कोरडा चारा लागतो. ओल्या वाड्यात पाऊण हिस्सा पाणीच असतं, म्हणजे 15 किलो वाडं घातलं तरी कोरडा चारा चारच किलो पोटात जातो. उरलेल्या भुकेसाठी 4 किलो पिंजर (भाताचा वाळलेला पेंढा) किंवा कडबा आणि 2 किलो भुईमुगाचा वाळलेला वेल द्यावा. भाकड जनावराचं आणि बसून असलेल्या बैलाचं यात भागतं. दुभत्याला वरून पेंड हवीच: म्हशीला 2 लिटर दुधामागे 1 किलो, गायीला अडीच लिटरमागे 1 किलो.

वाडं एकट्यानं कधीच घालू नका. त्यात ऑक्झलेट असतं आणि ते अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. आमची एक म्हैस सगळा हंगाम नुसत्या वाड्यावर होती, मिळतंय तोवर घालूया म्हणून. व्याली आणि दुसऱ्या दिवशी बसली ती उठेना. कान गार, मान पोटाकडे वळलेली. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं तेव्हा कुठं ती उभी राहिली. तेव्हापासून मी रोज प्रत्येक मोठ्या जनावराला 50 ग्रॅम खनिज मिश्रण आणि चिमूटभर नव्हे, चांगलं 30 ग्रॅम मीठ घालतो. रात्री चुना भिजत टाकून सकाळी वरची निवळी कुट्टीवर (बारीक कापलेल्या वैरणीवर) शिंपडायची, तीही सवय ठेवली आहे. गाभण जनावर शेवटच्या दोन महिन्यांत असेल तर वाडं निम्म्यावर आणा. नव्या वैरणीवर नेताना कुठल्याही जनावराला आठ-दहा दिवस द्या, एका दिवसात बदल करू नका.

खानापूरकडे भाताचं पिंजर मुबलक, पण त्यात कस नाही. जनावराचं पोट भरतं, अंग भरत नाही. त्यावर युरियाची प्रक्रिया करता येते. 100 किलो पिंजराला 4 किलो युरिया आणि 50 लिटर पाणी असं प्रमाण. युरिया पाण्यात पूर्ण विरघळू द्या, एक खडाही राहता कामा नये. जमिनीवर प्लास्टिकचा कागद टाकून पिंजराचा थर पसरा, झारीनं पाणी शिंपडा, पायांनी दाबा, मग पुढचा थर. शेवटी कागदानं हवाबंद झाकून कडेनं माती लावा आणि 21 दिवस हात लावू नका. उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास येईल. रोज लागेल तेवढंच काढून तास-दोन तास उघड्यावर पसरा, वास गेला की मग गव्हाणीत टाका. सहा महिन्यांच्या आतल्या वासरा-रेडकाला हे देऊ नका. युरियाचं पाणी बादलीत ठेवून इकडंतिकडं जाऊ नका. तहानलेलं जनावर ते प्यालं तर थोड्याच वेळात फुगून, थरथरून पडतं. हे काम घरातल्या जाणत्या माणसानंच करावं.

सोयाबीनचं भुसकट बरेच जण रानातच पेटवतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. चाळून धूळ आणि माती काढली, बुरशी नाही हे पाहिलं, की दोन किलोपर्यंत कुट्टीत मिसळून चालतं. हरभऱ्याचं भुसकटही तसंच. बांधावर शेवरी, सुबाभूळ असेल तर त्याचा पाला म्हणजे घरची पेंडच, फक्त सुबाभूळ एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्यापुढं नेऊ नका. कापणीनंतर फुटलेल्या ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांवर (फुटव्यांवर) मात्र जनावर सोडू नका, त्यात विष असतं. उसाचं पाचट गोठ्यात अंथरायला ठेवा. डिसेंबरच्या थंडीत वासरांच्या अंगाखाली कोरडं काही असलं की ती आजारी कमी पडतात.

आता मुरघास, म्हणजे हिरवी वैरण खड्ड्यात हवाबंद दाबून उन्हाळ्यासाठी टिकवणं. तोडकऱ्यांच्या टोळीशी आधीच बोलून ठेवा, कारण वाड्याच्या मोळ्या बहुधा त्यांच्याकडूनच घ्याव्या लागतात. ताजं वाडं त्याच दिवशी कडबाकुट्टीच्या यंत्रातून बारीक करा, तुकडा बोटाच्या पेरापेक्षा मोठा नको. दोन जनावरांना रोज 12-12 किलो असं 90 दिवस घालायचं तर सव्वादोन टनांच्या आसपास माल लागतो. त्याला 7 फूट लांब, 6 फूट रुंद, 4 फूट खोल खड्डा पुरतो. तळाला आणि बाजूंना कागद लावा. अर्ध्या-अर्ध्या फुटाचे थर टाकून तुडवा, आणि कडा जास्त तुडवा, हवा तिथंच अडकते. सगळा मुरघास या तुडवण्यावर टिकतो. पोरांना बोलवा, शेजाऱ्यांना बोलवा, पण पाय कमी पडू देऊ नका. दोन दिवसांत खड्डा भरून झाकला पाहिजे. वर कागद, त्यावर मातीचा थर, आणि पावसाचं पाणी मुरू नये म्हणून मधे उंचवटा.

किमान 45 दिवसांनी उघडा. रंग पिवळट हिरवा आणि वास आंबटगोड असेल तर जमलं. काळा पडलेला, बुरशीचा किंवा कुजका वास येणारा भाग सरळ उकिरड्यावर टाका, हावेपोटी घालू नका. एका कडेनं वरून खालपर्यंत रोज ताजा काप घ्या, काढून झालं की कागद पुन्हा घट्ट ओढा. पहिले चार दिवस 3 किलोवरून सुरुवात करून हळूहळू वाढवा. दुभत्या म्हशीला धार काढून झाल्यावर घाला, नाहीतर दुधाला वास लागतो.