टीव्हीवर मुलाखत घ्यायचीय? मग ‘काय सांगाल’च्या पुढे जा

पणजीत लोकल चॅनलवर काम करतो म्हटलं की कॉलेजची मुलं हमखास विचारतात, टॉक शो करायचाय, कोर्स कुठला करू, आवाजाचं काय करू. म्हापशाला, पणजीला मास कॉमचे कोर्स आहेत, करा, कॅमेरा-एडिटिंग कळतं आणि ओळखी होतात. आवाज, उच्चार सरावाने सुधारतात. पण मुलाखतकार चांगला की सुमार हे ठरतं त्याच्या प्रश्नांवरून, आणि प्रश्न कसा विचारायचा हे शिकवणारं आपल्याकडे फारसं कोणी भेटत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. मी आधी रिसर्चला होतो, म्हणजे गेस्ट ठरवणं, त्यांची माहिती काढणं वगैरे, मग हळूहळू मुलाखतकाराच्या खुर्चीत बसायला लागलो, त्यामुळे दोन्हीकडची कामं जवळून पाहिलीत.

कुठलंही मराठी चॅनल लावा, ‘या प्रवासाबद्दल काय सांगाल’, ‘काय भावना आहेत’, ‘कसं वाटतंय’. यातून गेस्टला कळतच नाही की नेमकं कशाबद्दल बोलायचंय, मग तो दहा ठिकाणी सांगून झालेलं घोटीव उत्तर देतो आणि आपण मान डोलावतो. समजा पेडण्याकडचा एखादा दशावतारी कलाकार समोर बसलाय. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, कथानक ठरतं आणि बाकी सगळं रंगमंचावर उभं राहून आयत्या वेळी बोलायचं. त्याला ‘कलेविषयी काय सांगाल’ विचारण्यापेक्षा असं विचारा ना, ऐन युद्धाच्या प्रवेशात समोरच्याने भलतंच वाक्य टाकलं तर तुम्ही काय करता? आता त्याला एखादी रात्र आठवते, गाव आठवतं, समोर कोण होता ते आठवतं आणि माणूस मोकळा होतो. मध्येच तो कोकणीत जाईल, जाऊ द्या, आपल्या प्रेक्षकाला दोन्ही कळतं, त्याला ओढून मराठीत आणलं की बोलण्याचा सूरच जातो.

प्रश्नांचा नीट अभ्यास करायचा असेल तर जॉन सवात्स्की या कॅनडाच्या पत्रकाराबद्दल जरूर वाचा. त्यांनी मुलाखतींचे ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवून कुठला प्रश्न चालला, कुठला पडला याचा अभ्यास केला, पुढे ईएसपीएन या स्पोर्ट्स चॅनलने त्यांना आपल्या लोकांना शिकवायला घेतलं. त्यांनी दाखवलेल्या चुका आपल्याकडे रोज दिसतात. प्रश्न न विचारता स्वतःचं मतच सांगणं, एका दमात दोन-तीन प्रश्न विचारणं (गेस्ट त्यातला सोपा उचलतो आणि अवघड आपोआप सुटतो), प्रश्नातच भडक शब्द घालणं, मग गेस्ट मुद्दा सोडून त्या शब्दाशीच भांडत बसतो, आणि माहिती हवी असताना हो-नाही मध्ये उत्तर येईल असा प्रश्न टाकणं. मी नव्या मुलांना एकच अभ्यास देतो. आवडत्या मुलाखतकाराचा अर्धा तास निवडा आणि प्रश्न-उत्तरं शब्दन् शब्द टाईप करा, मग स्वतःची एखादी मुलाखत तशीच टाईप करा, घरच्या काकांची घेतलेली का असेना. कुठला प्रश्न उत्तरापेक्षा लांब झाला, कुठे गेस्टने दार उघडलं होतं आणि आपण यादीतल्या पुढच्या प्रश्नावर निघून गेलो, हे कागदावर लख्ख दिसतं, ऐकताना ते निसटतं.

आता रिसर्च. सुरुवातीला तुम्हाला हेच काम मिळणार आहे आणि ते कमी दर्जाचं समजू नका. १९७७ मध्ये डेव्हिड फ्रॉस्ट या ब्रिटिश मुलाखतकाराने अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची मुलाखत घेतली, २८ तासांहून जास्त रेकॉर्डिंग झालं. फ्रॉस्टची ओळख तेव्हा हलक्याफुलक्या टॉक शोचा माणूस अशी होती, हा निक्सनला वॉटरगेटवर, म्हणजे ज्या प्रकरणात त्यांचं पद गेलं त्यावर, काय अडवणार असंच बऱ्याच जणांना वाटत होतं. पण जेम्स रेस्टन ज्युनियर नावाच्या त्याच्या रिसर्चरने न्यायालयाच्या कागदपत्रांतून निक्सन आणि त्यांचा सल्लागार कोल्सन यांच्या संभाषणाचा उतारा शोधून काढला होता, तो फ्रॉस्टने समोरासमोर वाचून दाखवला आणि मुलाखतीचं पारडंच फिरलं. अमेरिकी मुलाखतकार लॅरी किंगचं उदाहरण याच्या उलट दिलं जातं, सीएनएनवर १९८५ ते २०१० त्याचा शो चालला, प्रश्न एकदम छोटे, आणि मी फार तयारी करत नाही असं तो उघड सांगायचा. त्याचे छोटे प्रश्न नक्की उचला, पण तयारी न करणं उचलू नका, त्याच्यामागे मोठं चॅनल होतं, मोठे गेस्ट स्वतःहून बोलायला यायचे, आपल्याकडे तसं नाही.

गोव्यात तर तयारीला पर्यायच नाही, कारण राज्य एवढंसं, विधानसभेच्या जागा ४०, आज ज्या आमदाराची मुलाखत घेतली तो रविवारी कुणाच्या तरी लग्नात शेजारच्या खुर्चीवर असणार, त्याचा भाऊ तुमच्या मामाच्या वर्गात असणार. त्यामुळे इथले मुलाखतकार एक तर मऊ पडतात नाहीतर आपण घाबरत नाही हे दाखवायला आवाज चढवतात. माझ्या मते दोन्ही चूक. ‘भाई’ म्हणा, ‘बाब’ म्हणा, चहा विचारा, आणि कागद समोर ठेवा. पर्वरीला विधानसभेत मंत्र्यांनी दिलेली लेखी उत्तरं, ज्याला आपण सगळे एलएक्यू (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतो, ती काढा, निवडणुकीच्या वेळचं प्रतिज्ञापत्र काढा, पाट्टोच्या सेंट्रल लायब्ररीत बसून जुने पेपर चाळा. ‘भाई, सभागृहात तुमचं लेखी उत्तर असं होतं, आज तुम्ही वेगळं म्हणताय, यातलं कुठलं धरायचं?’ एवढं शांतपणे विचारलं की पुरे. ओळख तुटत नाही आणि प्रश्नही चुकत नाही. शेजाऱ्याला अवघड प्रश्न आदराने विचारता येणं हीच लहान राज्यातल्या मुलाखतकाराची खरी परीक्षा, आणि ती जमणारी माणसं आपल्याला खूप हवीत.

स्टुडिओतलं थोडं. मेकअप रूममध्ये विषयावर बोलूच नका, पावसाबद्दल बोला, मासळीच्या दराबद्दल बोला. चांगला किस्सा तिथे सांगून झाला की कॅमेऱ्यासमोर ‘मी मघाशी सांगितलं तसं’ म्हणून गेस्ट तो दोन वाक्यांत उरकतो, पहिल्यांदा सांगताना असते ती गंमत परत येत नाही. शांततेबद्दल पॅनलवरच्या, म्हणजे कॅमेरे बदलणाऱ्या, माणसाला आधीच सांगून ठेवा, गेस्ट थांबला तर लगेच माझ्यावर कट करू नको, त्याच्या क्लोज-अपवर राहा, कारण बरेचदा खरं उत्तर त्या तीन-चार सेकंदांनंतर येतं.

टॉकबॅकची मात्र सवय करावी लागते. कानात प्रोड्युसर ‘ब्रेक घे, ब्रेक घे’ म्हणत असतो, समोर माणूस वडिलांबद्दल बोलत असतो, आणि दोन्ही ऐकायचं असतं. घरी एका कानात बातम्या लावून समोरच्याशी गप्पा मारायचा सराव करा, खरंच उपयोग होतो. बीबीसीच्या न्यूजनाईटवर १९९७ मध्ये जेरेमी पॅक्समनने ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकल हॉवर्ड यांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला ती क्लिप सगळ्यांनी पाहिलेली असते, पण पुढची बातमी तयार नाही असं कानात सांगितल्यामुळे आपण विचारत राहिलो असं त्याने नंतर सांगितलं हे फार कमी जणांना माहीत असतं. एखाद्याची स्टाईल कॉपी करण्याआधी तो प्रसंग कसा घडला ते पाहावं, नाहीतर नुसता हट्ट हाती लागतो. आणि लेखकाला, गायिकेला असं धारेवर धरायचं काहीच कारण नसतं. तिथे दूरदर्शनवरच्या तबस्सुमचा मोकळेपणा बघा, १९७२ पासून दोन दशकं तिचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा कार्यक्रम चालला, किंवा सिमी गरेवालचं संथ, हळू आवाजात विचारणं. सत्तेतल्या माणसाकडून हिशोब घ्यायचा असतो, कलाकाराकडून आठवण, दोन्हीला एकच सूर लावणारा अँकर मला तरी अर्धाच तयार वाटतो.

शेवटचं, गोव्यात हे होणारच. रेकॉर्डिंग झालं की संध्याकाळी फोन येतो, ‘ते मघाशी बोललो ते काढ हां’. घाबरून लगेच हो म्हणू नका आणि तत्त्वाच्या नावाखाली लगेच नाहीही म्हणू नका. घरातल्या कुणाचं आजारपण, कुणाच्या मुलीचं नाव असं काही निघून गेलं असेल तर मी एडिटरला सांगून काढायला लावतो, त्यात प्रेक्षकाचं काही जात नाही. सरकारी कामाबद्दल, पैशाबद्दल, दिलेल्या शब्दाबद्दल बोलून मागे येत असतील तर ठेवतो, आणि फोनवरच तसं सांगतो, टेलिकास्टच्या आधी, म्हणजे त्यांना ते टीव्हीवर बघून कळायला नको. कॉल संपला की काय ठरलं ते प्रोड्युसरला मेसेज करून ठेवा.