झेला, चावी आणि गोळी: शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्यांसाठी मे ते जुलैचा सल्ला

आमचा वाशीचा अडत्या पेटी उघडली की आधी रंग बघत नाही. वरच्या थरातला एक आंबा उचलतो आणि डेखाजवळ, म्हणजे देठाजवळ, अंगठा फिरवतो. तिथं चिकट लागलं की पेटीचा भाव तिथंच उतरतो, मग आपण हापूस म्हणा नाहीतर केसर. चीक सालीवर ओघळला की पहिल्या दिवशी काही दिसत नाही. आंबा पिकायला लागला की तेच ओघळ काळे पडतात आणि फळ आतून कितीही गोड असलं तरी डागी ठरतं.

म्हणून यंदाच्या हंगामाचा सल्ला तीन साधनांभोवती बांधला आहे: तोडणीला झेला, पाण्याला चावी, म्हणजे पाणी चालू-बंद करायचं साधन, आणि भाताला खताची गोळी. तिन्ही जुनीच आहेत, दुकानात मिळतात, गावात कुणाकडे ना कुणाकडे असतात. तरीही दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, "घेतलं होतं, काही फरक पडला नाही." बहुतेक वेळा साधन बरोबर असतं, वापरताना माप चुकलेलं असतं.

आधी झेला, कारण आंबा थांबत नाही. आकडीनं फांदी हलवून खाली गोणपाट धरायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. गोणपाटात पडलेल्या फळाला वरून ओरखडा नसतो, पण आतला मार आठ दिवसांनी बाहेर येतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला यासाठीच आहे. लांब काठी, टोकाला कडं, कड्याला पातं आणि खाली जाळीची पिशवी. फळ पिशवीत घेऊन हलका झटका दिला की डेखासकट कापलं जातं. डेख दोन बोटं तरी राहायला हवं. डेख राहिलं की चीक आत अडतो, सालीवर येत नाही.

पातं रोज सकाळी घासा. बोथट पातं कापत नाही, ओढतं. मग डेख मुळातून उपटतं आणि झेला घेऊनही चीक सालीवर सांडतोच. पिशवीत चार-पाच फळं झाली की खाली उतरवा. दहा-बारा साठेपर्यंत थांबणारे आंब्यावर आंबा घासत बसतात. काठी विकत घेताना ज्याच्या हातात झेला द्यायचा त्यालाच दुकानात न्या आणि डोक्यावर धरून पाहायला लावा. पंधरा मिनिटांत मान भरून येत असेल तर दिवसभर काय होईल ते तिथंच कळतं. अ‍ॅल्युमिनियमची काठी हलकी असते खरी, पण बागेवरून विजेची तार गेली असेल तर ती आणूच नका. तिथं कोरडा बांबूच बरा, आणि तारेच्या जवळची फांदी सोडून दिलेली त्याहून बरी.

फळ चौदा आणे तयार झालं की काढायचं (सोळा आणे म्हणजे पूर्ण पक्व). डेखाच्या बाजूचे खांदे वर आलेले, मधे खळगा पडलेला आणि गडद हिरवा रंग थोडा फिका झालेला दिसतो. शंका असेल तर झाडावरची चार-पाच फळं काढून बादलीभर पाण्यात सोडा: बुडाली तर तयार, तरंगली तर आठवडाभर हात लावू नका. सोळा आणे होऊ दिलेल्या हापूसमध्ये साका, म्हणजे गरातला पांढरट खराब भाग, वाढतो. तोडणी सकाळी अकराच्या आत किंवा दुपारी चारनंतर करा, आणि काढलेलं फळ उन्हात क्षणभरही ठेवू नका. टेम्पो यायला उशीर होणार हे गृहीत धरूनच सावली बघून ठेवा.

वळवाचा एक शिडकावा झाला की फळमाशी उठते. विद्यापीठाचाच रक्षक सापळा मिथाइल युजेनॉल या नर माश्यांना ओढणाऱ्या वासावर चालतो. तो आंबा हिरवा असतानाच टांगायला हवा. आंबा पिवळा पडल्यावर टांगून उपयोग नाही. खाली पडलेली किडकी फळं रोज गोळा करून खोल पुरा. पिकवायला कॅल्शियम कार्बाइडची पुडी वापरू नका, त्यावर कायद्यानं बंदी आहे. इथिलीन वायूला परवानगी आहे, पण शंभर पीपीएमच्या आतच.

बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन आहे. भाव येईल, तसे झाडावर चढणारेही वाढतील. जांभळाची फांदी ठिसूळ असते, वाकत नाही, काडकन मोडते. जूनमध्ये ओल्या झाडावर कुणालाही चढवू नका. पालघरच्या बहाडोलीला झाडाभोवती बांबूची परांची बांधून तोडतात. तेवढा खर्च झेपत नसेल तर खाली जाळी ताणा आणि वरची फळं पक्ष्यांना सोडा.

आता पाणी. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा धरणं आपल्या शहापूर तालुक्यात, आणि मे महिन्यात टँकरही आपल्याच पाड्यावर. त्याचं दुःख वेगळ्या ठिकाणी मांडू. इथं विहिरीत उरलेल्या दोन हात पाण्याचं बोलू.

मोबाईल स्टार्टर आता आपल्याकडेही पोचले आहेत. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' बनवून फोनवरून पंप चालू-बंद करायची वाट दाखवली, त्यानंतर अनेकांचे आले. रात्री अपरात्री लाइट येते तिथं हे साधन म्हणजे झोप परत मिळवणं आहे. पण माझी गोष्ट ऐका. तीन वर्षांपूर्वी मी कल्याणला लग्नाच्या मांडवात बसून फोनवरून मोटर चालू केली. फोनवर 'चालू' असं आलं, मी निवांत पंगतीला बसलो. विहिरीनं तळ गाठला होता. मोटर कोरडीच फिरत राहिली, संध्याकाळी घरी आलो तर जळका वास आणि काळं पडलेलं वाइंडिंग. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, ड्राय रनचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. विकताना मात्र त्यातलं एक अक्षर बोलला नव्हता. तेव्हा घेताना एवढंच विचारा: पाणी संपलं की मोटर आपोआप बंद होते का, आणि एक फेज गेली तर काय होतं? दोन्हींचं उत्तर दुकानात जोडून, चालवून दाखवायला सांगा.

ठिबकवर टायमर लावणाऱ्यांची चूक निराळी. बाजारात स्वस्तात मिळणारे बरेचसे टायमर सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाच्या) व्हॉल्व्हचे असतात. तो व्हॉल्व्ह पाण्याच्या दाबानं उघडतो-मिटतो. आपली टाकी पाचशे लिटरची, चार विटांच्या खांबांवर, जमिनीपासून तीन मीटर. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब येतो, म्हणजे आपल्याकडे जेमतेम पाव ते तीन दशांश बार. तेवढ्यात सोलेनॉइड नीट मिटत नाही, रात्रभर पाणी झिरपत राहतं आणि आपण टायमरला शिव्या देतो. टाकीवरच्या ठिबकला बॉल व्हॉल्व्हचा टायमर घ्या, जो मोटरनं फिरून चावी उघडतो. ठाण्यात घोडबंदर रोडला गच्चीवर बाग करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. त्यांची टाकी तर डोक्याएवढ्या उंचीवरच असते.

ठिबक चालू आहे म्हणजे पाणी मिळतंय असं नव्हे. चार लिटरच्या ड्रिपरखाली एक लिटरची बाटली ठेवा: पंधरा मिनिटांत भरली पाहिजे. ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकाच वेळी दोन बाटल्या लावा. शेवटची पाऊणच भरली तर आधी फिल्टरची जाळी धुवा, मग नळीचं टोक उघडून गढूळ पाणी जाऊ द्या. विहीर तळाला गेली की पाण्यात गाळ वाढतो, म्हणून मे महिन्यात हे आठवड्यातून दोनदा करायचं. कोइंबतूरच्या ऊस पैदास संस्थेनं मातीतली ओल दाखवणारं दिव्यांचं यंत्र काढलं आहे: निळा-हिरवा दिसला तर थांबा, नारिंगी आला तर पाणी द्या, लाल म्हणजे उशीर झाला. ते नसेल तर वीतभर खोल माती काढून मुठीत दाबा. लाडू होऊन टिकला तर आज पाणी नको.

फळावर आलेल्या जुन्या आंब्याला तोडणीआधी महिनाभर पाणी तोडायचं, हे ठाऊक असूनही जीव राहत नाही आणि पाणी सोडलं जातं. त्यापेक्षा तेच पाणी दोन-तीन वर्षांच्या कलमांना द्या. तळाला भोक पाडून वात बसवलेलं मडकं कलमाजवळ पुरलं तर चार दिवसांची चिंता मिटते, आणि त्याला बॅटरीही लागत नाही.

आता गोळी. ही जुलैची गोष्ट आहे, पण तयारी आत्ताच करायला हवी, कारण राब भाजायचे, म्हणजे भाताची रोपं करायची जागा डहाळी-पाला जाळून भाजायचे, दिवस चालू आहेत. डॉ. ना. के. सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीत चार गोष्टी आहेत: भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचं हिरवळीचं खत, दोरीनं मापात लावणी आणि युरिया-डीएपीची ब्रिकेट, म्हणजे ही दाबलेल्या खताची गोळी. आपल्याकडे बहुतेकांनी चौथंच सूत्र उचललं आणि तिसरं सोडलं, म्हणून गोळी फसते.

यंदा राबासाठी डहाळी तोडण्याऐवजी गिरणीतून भाताच्या तुसाची राख आणून ठेवा. गादीवाफ्यात चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळा. रोपांच्या पातीला सिलिका मिळतं, रोप काटक होतं. बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला आवणीच्या आठवडाभर आधी चिखलात गाडा.

आवणीला दोरी लागते. त्यावर १५ आणि २५ सेंटीमीटरच्या खुणा आळीपाळीनं करा. दोन्ही बाजूंनी हेच माप ठेवलं की चार चुडांचा (एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका म्हणजे चूड) १५ सेंटीमीटरचा एक चौकोन होतो आणि दोन चौकोनांमध्ये २५ चा मोकळा पट्टा राहतो. पट्टा पायासाठी, चौकोन गोळीसाठी. चुडाला दोन-तीनच रोपं. लावणी झाली त्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मध्यात २.७ ग्रॅमची एक गोळी चार बोटं खोल, म्हणजे ७ ते १० सेंटीमीटर खाली खोचायची. गुंठ्याला ६२५ गोळ्या, पावणेदोन किलोच्या आत. एकराला २५ हजार गोळ्या, साधारण ६८ किलो.

चार बोटंच का? आपला पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या घरात. वरून फेकलेला युरिया विरघळतो आणि पुढच्या सरीत बांधावरून ओढ्याला जातो. ओढ्यातलं गवत हिरवंगार आणि आपलं भात पिवळं. चिखलात खोल गेलेल्या गोळीतलं नत्र तिथं हवा नसल्यामुळं अमोनियम रूपात टिकतं आणि मुळं त्याच्याकडे जातात. दोन बोटांवर ठेवली तर ते वरच्या पाण्यात मिसळतं, म्हणजे फेकल्यासारखंच. घाईत मजुराचा हात वर वर राहतो. म्हणून दुपारनंतर स्वतः चार-पाच ठिकाणी बोट घालून पाहा. खोचल्यावर वरचं भोक चिखलानं मिटवा, नाहीतर कष्ट वाया जातात.

गोळ्यांची पिशवी उघडी टाकू नका. युरिया हवेतला ओलावा ओढतो. जुलैत एका रात्रीत गोळ्यांचा लगदा होतो. सगळं पोतं न फोडता दिवसापुरत्या गोळ्या डब्यात काढा. पहिल्यांदा करत असाल तर फक्त दोन गुंठ्यांत करा, शेजारच्या दोन गुंठ्यांत नेहमीसारखं खत टाका आणि दिवाळीआधी दोन्हींचं धान्य वेगळं मापा.

गोळी म्हटलं की आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. धान्याच्या कणगीत टाकायची अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी कुणी दिली तर घेऊ नका. ओलावा लागताच त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. ती वापरायची परवानगी घरच्या माणसाला नाही, सरकारी यंत्रणेला आणि मान्यताप्राप्त कीडनियंत्रकांनाच आहे. झोपायच्या खोलीला लागून कणगी असेल तर गोळीऐवजी धान्य कडक वाळवा आणि कडुलिंबाचा पाला घाला.

आता शेवटचं, ज्यांचं डोकं सतत काहीतरी जोडत असतं त्यांच्यासाठी. झेल्याला नवीन पातं, पंपाला नवीन चावी, गोळी खोचायला नवीन अवजार केलं असेल, तर १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३(एच) वाचून घ्या. शेतीच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही, पण अवजाराला मिळू शकतं, २० वर्षांसाठी. अट अशी की ते आधी जगजाहीर झालेलं नसावं. म्हणजे व्हिडिओ टाकण्याआधी अर्ज. आधी तात्पुरता अर्ज करून पूर्ण मसुद्याला १२ महिने मिळतात. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये, तपासणीची वेगळी. कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे, आणि गुजरातचं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान अशा लोकांना मदत करतं.

आमच्या शेजाऱ्यानं गेल्या पावसाळ्यात पीव्हीसी पाइपला चार बोटांवर लाल खूण मारली. वरून गोळी सोडायची, खूण चिखलाला टेकली की आतल्या काठीनं ढकलायची, वाकायला नको. त्यानं पहिल्याच दिवशी व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला. पेटंटचं विचारलं तेव्हा उशीर झाला होता, आणि त्याला त्याचं फारसं वाटलंही नाही. त्याचा खरा त्रास वेगळाच आहे: पाइपच्या तोंडात चिखल अडकतो, वीस गोळ्यांनंतर झटकावा लागतो. सध्या तो तोंड तिरकं कापून बघतोय. जमलं की कळवीन.