एकाच छेदातून दोन शस्त्रक्रिया : नवोदित शल्यचिकित्सकांसाठी काही अनुभव

बेंबीतल्या दोन-अडीच सेंटिमीटरच्या छेदातून पित्ताशय आणि त्याच भुलीत अंडाशयातील गाठ काढताना मी प्रथम पाहिले, तेव्हा माझे सारे लक्ष पडद्याकडे होते. खरी अडचण मात्र पोटाबाहेर होती. दुर्बिणीच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत अवजारे वेगवेगळ्या छिद्रांतून जात असल्याने त्यांच्यात सोयीचा कोन मिळतो. येथे दुर्बीण आणि दोन्ही अवजारे एकमेकांना खेटून आत शिरतात, शल्यचिकित्सकाचे मनगट कॅमेरा धरणाऱ्याच्या बोटांवर आपटते आणि प्रकाशाची केबल नेमकी मध्ये येते. ५ मिलिमीटर जाडीची, ३० अंशांची लांब दुर्बीण घेतली, तर कॅमेऱ्याचा हात मागे राहतो आणि ही अडचण बरीच कमी होते. नवख्याने या पद्धतीत आधी कॅमेरा धरायला शिकावे, असे माझे ठाम मत आहे.

शस्त्रक्रियांचा क्रम आदल्या दिवशीच ठरवावा. जंतुसंसर्गाची शक्यता जिथे कमी ती आधी, हा सर्वसाधारण नियम. त्यानुसार गाठ आधी आणि पित्ताशय नंतर. परंतु रुग्ण पित्ताशयाच्या दुखण्यासाठी आलेला असेल आणि त्याचे हृदय दुबळे असेल, तर मी पित्ताशय आधी काढतो, कारण भूलतज्ज्ञाने मध्येच थांबायला सांगितले तरी मुख्य काम झालेले असते. हर्नियाची जाळी बसवायची असेल आणि पित्त सांडले असेल, तर जाळीचा बेत पुढे ढकलावा.

पित्ताशयासाठी डोके वर आणि टेबल डावीकडे कललेले लागते, ओटीपोटासाठी डोके खाली. मॉनिटरही खांद्याकडून पायांकडे न्यावा लागतो. टेबल हलवण्यापूर्वी भूलतज्ज्ञाला सांगणे आणि रुग्णाचे पट्टे तपासणे कधीही चुकवू नये.

एकदा पित्ताशयाच्या मानेशी इतकी सूज होती, की पित्ताशयाची नलिका आणि धमनी वेगळ्या दिसेनात, तरीही एकाच छेदाच्या हट्टापायी मी बराच वेळ झगडत राहिलो. अखेर वरिष्ठांनी बरगडीखाली ५ मिलिमीटरचा आणखी एक पोर्ट (अवजार आत नेण्याची नळी) घातला, मान बाजूला ताणून धरली, आणि थोड्याच वेळात दोन्ही रचना स्वच्छ दिसू लागल्या. त्या दोन्ही निःसंशय ओळखल्याशिवाय त्यांना बंद करणारी क्लिप लावायची नसते, मग त्यासाठी कितीही छेद लागोत. म्हणूनच संमतिपत्र घेताना जादा छेद, पोट उघडावे लागण्याची शक्यता आणि दुसरी शस्त्रक्रिया लांबणीवर पडणे, या तिन्ही गोष्टी मी रुग्णाला समोर बसवून सांगतो.

बेंबीतला छेद नेहमीच्या पोर्टपेक्षा मोठा असल्याने तिथे पुढे हर्निया होण्याचा धोका अधिक असतो. दोन शस्त्रक्रियांनंतर हात थकलेले असले, तरी स्नायूवरील आवरणाच्या दोन्ही कडा चिमट्याने उचलून प्रत्येक टाका डोळ्यांसमोर घ्यावा. त्वचा शिवण्यापूर्वी मी त्या ओळीवरून एकदा बोट फिरवून फट राहिलेली नाही ना, हे पाहतो.